हसल्यावर पडणारी बाई

माझ्या सासूबाईंच्या मते माझ्या अंगात देवी येते. डॉक्टरांच्या मते माझ्या डोक्यातून एक पेप्टाइड निघून गेलं आहे. या दोन मतांच्या मध्ये मी अठरा वर्षं पडत राहिले, आणि हे मी अलंकारिक म्हणत नाही. मला मनापासून हसू आलं की जबडा सैल होतो, मान लोंबते, गुडघे जातात आणि मी जिथे असेन तिथे खाली कोसळते. अर्धा मिनिट, फार तर एक. तेवढ्या वेळात मला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, फक्त करंगळीसुद्धा हलवता येत नाही. मग परत उठते आणि पदर झटकते.

रडता रडता कोसळणाऱ्या बायका लोकांनी पाहिलेल्या असतात, त्यांना पाणी कसं मारायचं तेही ठाऊक असतं. हसून पडणारी बाई समोर आली की सगळ्यांची मती गुंग होते.

मला असं हसवणारा माणूस एकच, माझा दादा. तीन वर्षांनी मोठा. नवरा अधूनमधून विनोद करतो, त्याचं मन राखायला मी हसतेही, पण त्या हसण्यानं माझ्या गुडघ्यांना काही होत नाही. गुडघे चोखंदळ आहेत. हे सगळं मी लिहितेय ते आजारासाठी नव्हे, दादासाठी. कारण मधली दोन वर्षं आमच्या घरातल्या आणि शेजारच्या शहाण्यांनी मिळून त्याला गप्प करून टाकलं होतं, आणि तो पुन्हा तोंड उघडेल की नाही याची मला खात्री नव्हती.

पहिल्यांदा पडले ती मुळगावला, माहेरी. दादा तेव्हा खाणीवर टिपर चालवायचा. संध्याकाळी लाल धुळीनं माखून घरी यायचा आणि आंघोळीआधी आम्हाला त्याच्या मुकादमाची नक्कल करून दाखवायचा. मुकादम शिव्या द्यायला तोंड उघडायचा, तोंडात धूळ जायची, शिवी अर्धवट राहायची आणि तो ती पुढच्या ट्रकवाल्याला पूर्ण करून द्यायचा. एवढंच. पण ते अर्धं उघडं तोंड दादानं असं काही केलं की मी हसले आणि तांदळाच्या सुपासकट जमिनीवर गेले. आईनं अशक्तपणा म्हणून नाचण्याची आंबील सुरू केली. आंबील पिऊन मी जाड झाले आणि जास्त जोरात पडू लागले.

मग लग्न होऊन पेडण्यात आले, मोप्याच्या पठाराच्या पायथ्याशी. इथे आंबिलीचा प्रश्न नव्हता. सासूबाईंनी मला पहिल्यांदा कोसळताना पाहिलं आणि निदान जागच्या जागी झालं. "भार इलो! धूप हाडा!" आमच्याकडे अंगात येण्याला भार येणं म्हणतात. जत्रेत ठरलेल्या माणसांना ठरलेल्या जागी येतो, लोक त्यांना प्रश्न विचारतात. सूनबाईला स्वयंपाकघरात, तोही चेष्टेनं भार येतो हे जरा अडचणीचं होतं, पण सासूबाईंनी ते जुळवून घेतलं. देवी आनंदी स्वभावाची आहे, असं त्या शेजारणींना सांगू लागल्या.

मी रीतसर विरोध केला असता. पण विरोध करण्याच्या नेमक्या वेळी मला तोंड उघडता येत नसे. डोळ्यांत धुपाचा धूर, कानात शेजारणीचे प्रश्न, आणि मी वालाच्या शेंगेसारखी पडलेली. कोण सुनेवर करणी करायला निघालंय, कोणाला भावकीतला माड आपल्या हद्दीत सरकवून हवाय, कोण उपासाच्या दिवशी चोरून सुंगटं, म्हणजे कोळंबी, खातं, गावाची सगळी अंतरंगं मला त्या अर्ध्या मिनिटात कळली. देव लोकांशी बोलत का नाहीत ते मला तेव्हा समजलं.

माझ्या देवपणावर शिक्का बसला तो एका शब्दामुळे. शेजारच्या काकीनं विचारलं होतं, "देवी, झिलाक मोपार लावू काय पणजेक धाडू?" मोप्याचा विमानतळ नुकता सुरू झाला होता, घरोघरी हाच प्रश्न होता. धुरानं माझा घसा कोरडा पडला होता. जबडा अजून हातात नव्हता, तरी मी कसंबसं "पाणी" म्हटलं. ते ऐकू आलं "पणजी". काकीचा झील, म्हणजे मुलगा, पणजीला गेला, पंधरा दिवसांत त्याला दुकानात काम लागलं आणि काकी नारळ, साडी आणि चार बायका घेऊन परत आली. पाणी मात्र मला कोणी दिलं नाही.

आता दादा. खाणी बंद पडल्या तसा तो टिपरवरून उतरला आणि विमानतळ झाल्यावर मोप्याला टॅक्सी चालवू लागला. संध्याकाळी, दोन विमानांच्या मध्ये, जेवायला माझ्याकडे यायचा. यायचा, जनेलात, म्हणजे खिडकीत, डोकं घालून आधी पाहायचा की माझ्या हातात काय आहे, आणि मग त्या दिवसाचं गिऱ्हाईक करून दाखवायचा. दिवसातला तो अर्धा तास माझा होता. बाकीचा दिवस मी झोपेत काढत होते.

हो, झोप. ती तर सांगायची राहिलीच. मला दिवसाही झोप लागते, आणि लागते म्हणजे आपटते. मी पणजीला एका सरकारी खात्यात आवक टेबलावर आहे. बाहेरून आलेलं पत्र घ्यायचं, शिक्का मारायचा, नोंदवहीत चढवायचं, ज्या टेबलाचं असेल त्या टेबलाला पाठवायचं. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, दोन्ही बसमध्ये मी उभ्यानं झोपते. ऑफिसात बसून झोपते. इतकी वर्षं हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, डॉक्टर, जेवणानंतर दोन तास दुकानं ज्या राज्यात बंद असतात तिथे झोपेचा आजार लक्षात येईल कसा? आमच्या खात्यात दुपारी मी झोपलेली असे तेव्हा मला पाहायला कोणीतरी जागं असायला हवं होतं.

तर दादाचं. सासूबाईंच्या हळूहळू ध्यानात आलं की भार येतो तो दादा आला की. मग त्यांनी गुरुवार ठरवला. गुरुवारी संध्याकाळी शेजारणी जमायच्या, दादाला मधोमध कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसवायचे आणि म्हणायचे, हां, आता कर. सांगून विनोद होतो का? दादा बिचारा कदेलीवर घाम पुसत बसायचा, मी समोर पाटावर उभी, बारा बायका माझ्या गुडघ्यांकडे टक लावून. मला हसू यायचं ते त्या बायकांचं, पण तेवढ्यानं गुडघे ऐकत नसत. भार येईना. सासूबाई म्हणाल्या, "ह्यो नुस्ता खावन येता, म्हनान येणा नाय." नुस्ता म्हणजे मासे. दादाचे गुरुवारचे मासे बंद झाले. तरी भार आला नाही तो नाहीच.

आला तो एका मंगळवारी. मी आदोळीवर, आमच्याकडच्या विळीवर, बांगडे कापत बसले होते. दादा जनेलाशी आला, पण त्या दिवशी माझ्या हातात काय आहे ते पाहिलं नाही. आल्या आल्या नक्कल सुरू केली, त्या बारा बायकांची, गुडघ्यांकडे पाहणाऱ्यांची. मी पुढे कोसळले ती आदोळीच्या पात्यावर. कपाळ फाटलं, भुवईच्या वर सात टाके पडले. अर्धा मिनिट मी रक्तात पडले होते, दादा माझं डोकं मांडीवर घेऊन हाका मारत होता आणि मला सगळं ऐकू येत होतं. "माझ्यामुळे झाला, माझ्यामुळे," असं तो म्हणत होता. नाही रे, असं मला म्हणायचं होतं. जबडा हलला तेव्हा सासूबाई धूप घेऊन आल्या होत्या आणि दादा गाडी काढायला धावला होता.

त्यानंतर दादा जेवायला येत राहिला, पण जेवायलाच. खाली मान घालून जेवायचा, "आमटी बरी असा" म्हणायचा, हात धुवायचा, जायचा. दोन वर्षं. मी चिमटे काढले, मुकादमाचा विषय काढला, मुद्दाम सासूबाईंची नक्कल मीच करून दाखवली. तो "हूं" म्हणायचा. मला त्याचा राग आला, खूप राग आला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं होतं, सून पडत नाही आता. पडणार कशी? हसवणारंच कोणी उरलं नव्हतं. बसमध्ये रडू यायचं, आणि रडण्यानं मला काहीच होत नसे.

डॉक्टरकडे मी गेले ती स्वतःच्या अक्कलहुशारीनं नव्हे, मेमोमुळे. झोपेत माझा हात लिहीत राहतो, हे मला माहीत नव्हतं. आवक नोंदवहीत एका दुपारी माझ्याच सुवाच्य अक्षरात नोंद सापडली. प्रेषक: सासूबाई. विषय: सोलकढीत मीठ नसणेबाबत. पुढील टेबल: देवी. खाली माझी सही आणि शिक्का. वरिष्ठ जागे असताना नेमकी तीच पानं त्यांच्यासमोर गेली. त्यांनी मला विचारलं की हा खात्याचा विनोद आहे का. मी म्हटलं, नाही साहेब, घरचा आहे. त्यांनी वैद्यकीय दाखला मागितला.

दादानं गाडीतून नेलं. डॉक्टर मेंदूचे, वयानं तरुण, टेबलावर रबरी हातोडी. त्यांनी झोपेचं सगळं विचारून घेतलं आणि मग सहज विचारलं, "हसल्यावर कधी गुडघे ढिले पडतात?" अठरा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. देवीला हजार प्रश्न विचारले लोकांनी, बाईला एकही नाही. मी हो म्हटलं. शेजारी बसलेल्या दादानं मान खाली घातली.

पुढे तपासण्या झाल्या. त्यांतली एक म्हणजे एका दिवसात दोन-दोन तासांनी पाच वेळा झोपून दाखवायचं. आयुष्यात एवढी चांगली परीक्षा मी कधी दिली नव्हती, पाचही पेपरांत पहिली आले. कागद घेऊन आम्ही दोघं परत डॉक्टरांसमोर बसलो आणि त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूत खोल आत थोड्याशा पेशी असतात. त्या ओरेक्सिन नावाचं न्यूरोपेप्टाइड बनवतात. ते मेंदूत ठिकठिकाणी दुसऱ्या पेशींवरच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं, आणि ते बसलं की त्या पेशींना कळतं, जागं राहायचं आहे. माझ्या त्या बनवणाऱ्या पेशीच मेल्या आहेत, बहुधा माझ्याच शरीरानं चुकून मारल्या. स्वप्न पडत असताना मेंदू अंगातले स्नायू बंद करून ठेवतो, नाहीतर माणूस स्वप्नात धावताना पलंगावरून धावेल. हा निरोप मिळाला नाही की ते बंद करण्याचं काम जागेपणीच होऊन बसतं, भावना उसळली की. बहुतेकांत हसण्यानं.

"म्हणजे रिसेप्टर बिघडले?" मी विचारलं.

"छे. ते ठणठणीत आहेत. त्यांच्यापर्यंत काही पोचतच नाही."

मला एकदम पटलं. आवक टेबलावर माणूस बसलेला, शिक्का ओला, नोंदवही उघडी, आणि टपालच नाही. झोपेल नाहीतर काय करेल?

डॉक्टर पुढे म्हणाले की पेशंट डॉक्टरांसमोर कधी पडत नाहीत. परक्यासमोर माणूस मोकळं हसत नाही. ज्याच्यापाशी मन अगदी निर्धास्त असतं त्याच्यासमोरच पडतो, कित्येक डॉक्टरांना हे उभ्या आयुष्यात पाहायला मिळत नाही.

आणि तेव्हा दादा, दोन वर्षांनी, हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. "म्हंजे मी मोपार पाटी धरून उबो, आनि विमान येणाच नाय." त्याबरोबर त्यानं विमानतळाबाहेर नावाची पाटी छातीशी धरून उभ्या असलेल्या ड्रायव्हरचं तोंड केलं. आशेनं दाराकडे पाहणारं, मग घड्याळाकडे, मग पाटीवरचं नाव बरोबर आहे ना ते उलटं वाचून पाहणारं.

मी खुर्चीवरून खाली गेले. डॉक्टर हातोडी घेऊन टेबलाला वळसा घालून धावत आले आणि माझ्या गुडघ्यावर टकटक करू लागले. "पाय उडत नाही, बघा, अजिबात उडत नाही!" त्यांचा आनंद पोटात मावेना. मी फरशीवर पडल्या पडल्या त्यांचे बूट पाहत होते. आणि दादाचे पाय पाहत होते, ते मागे मागे दारापर्यंत सरकले होते.

परतीच्या वाटेवर तो एवढंच म्हणाला, "ह्येच्या फुडे मी बोलणय नाय." म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेलं अर्धंच त्याच्यापर्यंत पोचलं होतं. मी पडते हे पोचलं, कोणापाशी पडते ते वाटेत कुठेतरी राहिलं.

गोळ्या सुरू झाल्या. एक दिवसा जागं ठेवणारी, दुसरी पडणं आवरणारी. दुसरी मूळची उदास माणसांना देतात ती. हसल्यावर पडू नये म्हणून उदासीची गोळी, यावर दादानं काय केलं असतं याचा विचार करत मी ती गिळत असे. थेट रिसेप्टरलाच निरोप देणारी औषधं बनवण्याच्या खटपटी चालू आहेत म्हणतात. ती पेडण्याला पोचतील तेव्हा पोचतील. तोवर गंमत ही की माझ्या नवऱ्याला विमानांच्या आवाजानं झोप येत नाही, म्हणून त्याला दुसऱ्या एका डॉक्टरांनी गोळी दिली. तिच्यासोबतचा कागद मी वाचला. ती गोळी ओरेक्सिनच्या रिसेप्टरवर आडवी बसून राहते, ओरेक्सिनला शिरू देत नाही. ज्या टेबलावर टपाल यावं म्हणून मी नवस करायला तयार होते, ते टेबल हा माणूस जेवण झाल्यावर घोटभर पाण्याबरोबर बंद करतो. आणि सकाळी म्हणतो, काय छान झोप लागली!

सासूबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मगे ता पेप्टाइड कोणी व्हेला?" कोणी नेलं, हा प्रश्न त्यांनी देवीला विचारला असता. देवी गोळ्या घेत होती.

दादाचं मात्र हळूहळू सैल होत गेलं. त्यानं मला न कळवता स्वतःचे नियम केले. आधी घरात फिरून आदोळी कुठे आहे ते पाहायचा. चूल पाहायचा. मला कदेलीवर बसवायचा, हात टेकवायला लावायचा. मग एखादं बारकंसं काहीतरी, सौम्य, पथ्याचं जेवण असावं तसं. विमानतळावर राहून त्याच्या विनोदालाही सुरक्षा तपासणी लागली होती. मी हसायचे, मान जरा लोंबायची, परत यायची. तो लगेच थांबायचा.

परवा संध्याकाळी तो आला तेव्हा मी उभी होते, हातात रिकामं भांडं. त्याच्या पोटात काहीतरी मावत नव्हतं हे चेहऱ्यावरून दिसत होतं. कदेल विसरला, आदोळी विसरला. एका दिल्लीच्या गिऱ्हाइकाला तो डिचोलीच्या बाजूला घेऊन गेला होता. बंद खाणीच्या खड्ड्यात पाणी भरलेलं पाहून ते म्हणालं, वा, काय सुंदर तलाव, यात उतरता येतं का? दादा त्याला म्हणाला, "उतरा साहेब, पण जरा सांभाळून. आमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या खाली आहेत, पायाला लागतील." आणि मग त्या माणसानं खरंच वाकून पाण्यात कसं पाहिलं ते त्यानं करून दाखवलं. सोबत, खड्ड्याच्या तळातून, त्या जुन्या मुकादमाचं अर्धं उघडं तोंड.

मी हसले. भांडं हातातून सुटलं, डोळ्यांतून पाणी आलं, गुडघे एकदा लवले आणि थांबले. मी उभी होते. पोट धरून, भिंतीला न टेकता, उभी.

दादा माझ्याकडे पाहत राहिला.

"पडलंस नाय मगो?"

"नाय."

"मात्शी पन नाय?"

"नाय रे."

त्याचं तोंड उतरलं. खरोखर उतरलं. "तू पडलंस नाय म्हंजे विनोद पडलो," तो म्हणाला.

मला कळलं की लहानपणापासून हा माणूस आपली विद्या माझ्या गुडघ्यांवर मोजत आला आहे. मग मी काय केलं, तर सरळ खाली बसले आणि आडवी झाले. मान लोंबवली, जबडा सोडला, डोळे अर्धे मिटले. इतक्या वर्षांचा अनुभव, सगळा पणाला लावला.

मग दादा माझ्याशेजारी खाली बसला.

"फट काय मारतंस? खरी पडतंस तेवा तू हात टेकणस नाय."

मी एक डोळा उघडला. माझा उजवा तळवा जमिनीवर व्यवस्थित टेकलेला होता. दादानं तो तळवा पाहिला, माझं तोंड पाहिलं, आणि त्याला हसू फुटलं. दोन वर्षांचं साठलेलं. हसता हसता त्याला बसवेना, तो भिंतीला घसरत माझ्या बाजूला आडवा झाला, आणि भांडं त्याच्या पायानं लांब घरंगळत गेलं.

आवाजानं सासूबाई आतून ओरडल्या, "भार इलो काय गो?"

"होय, मावशे," दादा डोळे पुसत म्हणाला, "पन ह्या खेपेक माका इलो."